मोठ्या कुटुंबाचे घर आणि बेडरूमचा हिशेब

महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांत आणि मध्यम शहरांच्या कडेने वाढणाऱ्या नव्या वसाहतींत दीड-दोन गुंठ्यांच्या जागेवर आठ-दहा माणसांचे कुटुंब घर बांधायला निघते, तेव्हा नकाशाचा पहिला निर्णय एका आकड्याने होतो आणि तो आकडा बेडरूमचा असतो. ठेकेदार तोच विचारतो, पाहुणे तोच विचारतात, कर्ज देणाऱ्याच्या टेबलावरही घराची ओळख दोन बीएचके किंवा तीन बीएचके अशीच होते. या आकड्यामागे एक पक्के मत आहे आणि ते आता इतके सर्वमान्य झाले आहे की त्याला कोणी मत म्हणतही नाही. प्रत्येक जोडप्याला किमान दहा बाय दहाची स्वतंत्र बेडरूम हवी, प्रत्येक बेडरूमला जोडून संडास-बाथरूम हवे, समोर प्रशस्त हॉल हवा, उरलेल्या जागेत स्वयंपाकघर बसते. ओटी, पडवी, कोठी, मागचे अंगण या गोष्टी जुन्या असून त्यांत जागा वाया जाते. शिवाय घर आयुष्यात एकदाच बांधून होते, म्हणून कर्ज काढावे लागले तरी ते एका दमात पुरे करावे. ज्या कुटुंबाकडे पैसा मुबलक आहे त्याने हे मत मानले तर त्याचे फारसे बिघडत नाही. ज्याच्याकडे माणसे पुष्कळ आणि पैसा मोजका, त्याच्यासाठी मात्र या मताचा प्रत्येक भाग चुकीचा आहे आणि हातातला पैसा जितका कमी तितकी त्याने होणारी हानी मोठी आहे.

मुळात बेडरूम, हॉल आणि किचन यांची संख्या हे घराचे माप कोणासाठी तयार झाले, हे पाहिले पाहिजे. इमारतीतला फ्लॅट बांधणाऱ्याला त्यात कोण राहणार हे ठाऊक नसते. त्याला अनोळखी ग्राहकापुढे एक वस्तू ठेवायची असते, आणि तीन-चार माणसांच्या कोणत्याही कुटुंबाला चालेल असा सर्वसाधारण आराखडा करण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. विक्रीसाठी ते माप सोयीचे आहे. पण स्वतःच्या जागेवर स्वतःसाठी घर बांधणाऱ्याला राहणाऱ्या प्रत्येकाचे वय माहीत असते, कोणाचे गुडघे दुखतात हे माहीत असते, कोण पहाटे साडेपाचला उठतो आणि कोण रात्रपाळी करून सकाळी झोपतो हेही माहीत असते. एवढी माहिती हाताशी असताना ती बाजूला ठेवून अनोळखी माणसासाठी केलेला आराखडा उचलण्यात कोणते शहाणपण आहे? इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या ग्रंथात एकत्र कुटुंबाची लक्षणे सांगताना एका छपराखाली राहणे आणि एका चुलीवर शिजलेले खाणे यांना आरंभीच स्थान दिले आहे. अशा कुटुंबाच्या घराचा विचार झोपण्याच्या खोल्यांपासून सुरू करून चुलीला उरलीसुरली जागा देणे म्हणजे त्या कुटुंबाचे कुटुंबपणच नकाशाच्या कडेला ढकलणे होय.

आता प्रत्यक्ष हिशेब करावा. आजी-आजोबा, दोन मुलगे, दोन सुना आणि तीन नातवंडे असे नऊ जणांचे कुटुंब आहे आणि नियमाप्रमाणे चारी बाजूंनी मोकळी जागा सोडल्यावर ७५० चौरस फुटांचे जोते मिळते असे धरू. जोते म्हणजे जमिनीपासून उचलून घेतलेला, ज्यावर भिंती उभ्या राहतात तो भरीव चौथरा. रूढ मताप्रमाणे यात दहा बाय दहाच्या तीन बेडरूम घेतल्या की ३०० चौरस फूट गेले. प्रत्येकीला ३० चौरस फुटांचे जोडसंडास-बाथरूम दिले की ९० गेले. जिन्याला ४५, बेडरूमकडे जाणाऱ्या अरुंद वाटेला तेवढेच, आणि सगळ्या भिंतींच्या जाडीला सुमारे १०० धरले, तर हॉल आणि स्वयंपाकघर मिळून १७० चौरस फूट उरतात. म्हणजे हॉल ११० आणि स्वयंपाकघर ६०. नऊ माणसे जिथे एकत्र जेवणार, जिथे पाहुणे बसणार आणि जिथे तिन्ही नातवंडे झोपणार, ती जागा एका बेडरूमपेक्षा जेमतेम दहा फुटांनी मोठी. याच कारणाने ठेकेदार लगेच वरच्या मजल्याचा विषय काढतो आणि कर्जाचा आकडा वाढतो.

त्याच ७५० फुटांची मांडणी वेगळ्या रीतीने करता येते. राष्ट्रीय इमारत संहितेत, म्हणजे देशभरच्या बांधकामासाठी ठरवलेल्या मार्गदर्शक मानकांत, घरातली एक खोली किमान साडेनऊ चौरस मीटरची असेल तर दुसरी साडेसात चौरस मीटरची, म्हणजे सुमारे ८१ चौरस फुटांची, चालते असे म्हटले आहे. नऊ बाय नऊच्या दोन खोल्या आणि आजी-आजोबांसाठी नऊ बाय दहाची एक, अशा तीन खोल्या २५२ फुटांत होतात. संडास आणि न्हाणीघर वेगवेगळे करून प्रत्येकी दोन बांधले तर ६४ फूट लागतात. खोल्या लांबट वाटेवर न उघडता थेट माजघरात उघडल्या की त्या वाटेचे ४५ फूट वाचतात, आणि त्या वाटेच्या भिंतीही वाचतात. या बचतीतून माजघर १५६ फुटांचे होते, स्वयंपाकघर ८८ फुटांचे होते, ३० फुटांची कोठी मिळते आणि समोर ४० फुटांची ओटी निघते. तीन जोडप्यांच्या तीन खोल्या याही मांडणीत आहेतच. कमी झाले ते फक्त प्रत्येक खोलीतले दहा-वीस फूट आणि संडासाला जोडलेले बेडरूमचे दार.

ते दहा-वीस फूट कशासाठी हवे असतात? सहा बाय साडेसहाचा दुहेरी पलंग एकटाच ३९ चौरस फूट व्यापतो, म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीतली जवळजवळ चाळीस टक्के जमीन दिवसभर त्याच्याखाली जाते. ती खोली रात्री दहा ते सकाळी सहा वापरली जाते आणि उरलेले सोळा तास बहुधा दार लोटलेल्या अवस्थेत पडून राहते. म्हाताऱ्यांना उंच पलंग हवा, त्यात वाद नाही. तरुणांच्या खोलीत गाद्या घालायच्या आणि सकाळी उचलून ठेवायच्या अशी व्यवस्था असली तर तीच नऊ बाय नऊची खोली दुपारी मुलांच्या अभ्यासाला, शिवणयंत्राला किंवा आजारी माणसाला निवांत पडायला मिळते. जादा बेडरूमची किंमतही एकदा मोजून पाहावी. भिंतींसकट एक बेडरूम आणि तिचे जोडबाथरूम मिळून सुमारे १५० चौरस फूट होतात. बांधकामाचा दर चौरस फुटाला दोन हजार रुपये धरला तर तीन लाख झाले. ते नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या कर्जातून काढले तर महिन्याला सुमारे २,७०० रुपये हप्ता पडतो आणि फेड पूर्ण होईपर्यंत जवळजवळ साडेसहा लाख रुपये जातात. दिवसाचे दोन तृतीयांश तास रिकाम्या राहणाऱ्या खोलीसाठी एका मध्यम कमाईच्या कुटुंबाने वीस वर्षे हा भार का वाहावा?

यावर ठामपणे दिले जाणारे उत्तर एकांताचे असते, आणि ते बेडरूमवाद्यांच्या बाजूचे सर्वांत वजनदार उत्तर आहे. जुन्या वाड्यांत आणि चौसोपी घरांत नव्या जोडप्याला एकांत नव्हता, सुनेला स्वतःची म्हणावी अशी हातभर जागा नव्हती, हे खरे आहे आणि ते दिवस परत यावेत असे कोणी म्हणू नये. पण एकांत खोलीच्या क्षेत्रफळाने मिळतो हे म्हणणे कुठल्या आधारावर टिकते? दहा बाय दहाच्या दोन बेडरूममध्ये साडेचार इंची, म्हणजे अर्ध्या विटेची, सामाईक भिंत असली तर एका खोलीतले बोलणे दुसरीत ऐकू जाते, आणि महागड्या बीएचके घरांतही नेमके हेच आढळते. एकांत मिळतो तो दार कुठे आहे, खिडकी कुणाच्या खिडकीसमोर येते आणि दोन खोल्यांच्या मध्ये काय आहे यावर. दोन भावांच्या खोल्यांच्या मध्ये कोठी आली किंवा पूर्ण उंचीचे भिंतीतले कपाट आले, दार माजघराच्या मधोमध न उघडता कोपऱ्यातल्या दोन फुटी आडोशात उघडले, आणि दाराला आतून नीट बसणारी कडी असली, तर नऊ बाय नऊच्या खोलीत जो एकांत लाभतो तो बाराशे फुटांच्या बेशिस्त आराखड्यात लाभत नाही. एकांताचा हक्क मान्य करणाऱ्याने नकाशावर भिंतींची जाडी आणि दारांची जागा यांबद्दल बोलले पाहिजे. खोल्यांची संख्या वाढवली की एकांताचे काम झाले असे समजणे ही त्या हक्काचीच हेळसांड आहे.

जोडसंडास-बाथरूमचा आग्रह तर मोठ्या कुटुंबाच्या सकाळशी सरळ विसंगत आहे. वर सांगितलेल्या घरात तीन जोडबाथरूम आहेत आणि ती तिन्ही कोणाच्या तरी बेडरूमच्या आत आहेत. शाळेची गाडी सातला येते आणि नातवंडे हॉलमध्ये झोपतात. त्यांनी कोणाचे दार वाजवावे? काकू अजून झोपलेली, बाबा कपडे बदलत असलेले, आजोबांची पूजा चालू. संडास आणि न्हाणी एकाच खोलीत कोंबल्याने एक माणूस आत असताना दोन्ही सोयी अडून राहतात, ही गोष्ट इतकी उघड असूनही नकाशा काढताना तिचा विचार होत नाही. प्रत्येकाला संडासाला दहा मिनिटे आणि आंघोळीला बारा मिनिटे लागतात असे धरले, तर नऊ माणसांची मिळून १९८ मिनिटे होतात. तीन जोडबाथरूम सर्वांना सारखी खुली आहेत असे गृहीत धरूनही सगळ्यांचे आटोपायला तासाच्या वर वेळ लागतो, आणि ती तशी खुली कधीच नसतात. दोन संडास आणि दोन न्हाणीघरे वेगवेगळी असली तर एकाच वेळी चार माणसे आपापले आवरतात, आंघोळीची रांगही पाऊण-एक तासात संपते. बेसिन बाहेर भिंतीला लावले की दात घासणारे आणि दाढी करणारे कोणाच्याच वाटेत येत नाहीत. आणि ही अधिक चांगली सोय २६ चौरस फूट कमी जागेत होते.

पैशाची दुसरी गळती नळांत आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांत आहे. तीन बेडरूम घराच्या तीन कोपऱ्यांत असल्या की पाणी आणणारे, पाणी नेणारे आणि मैला नेणारे नळ तीन कोपऱ्यांत फिरतात, चेंबर वाढतात, ओल झिरपण्याच्या जागा वाढतात आणि पुढे दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या भिंतीला पोपडे येतात. संडास, न्हाणी, धुण्या-भांड्यांची मोरी आणि स्वयंपाकघराचा ओटा या चारही पाण्याच्या जागा एकाच भिंतीच्या दोन्ही अंगांना मांडल्या तर नळाची लांबी निम्म्याखाली येते आणि वर मजला चढवायचा झाल्यास त्याच रेषेत वरची न्हाणी येते. जोडबाथरूम बहुधा बाहेरच्या भिंतीला लागून असते, त्यामुळे त्या खोलीची खिडकीची जागा खाल्ली जाते आणि वारा आरपार जाण्याची वाट बंद होते, याकडेही कोणी पाहत नाही. वृद्धांच्या खोलीला लागून एक संडास जरूर असावा, त्यात कमोड असावा, भिंतीला धरायला दांडी असावी, दार चाकाची खुर्ची जाईल एवढे म्हणजे किमान अडीच-तीन फूट रुंद असावे आणि मध्ये उंबरठा नसावा. ही गरज खरी आहे. ती घरातल्या प्रत्येक जोडप्याच्या माथी तीस फूट मारण्याचे कारण होऊ शकत नाही.

स्वयंपाकघराच्या बाबतीत झालेला अन्याय सर्वांत मोठा आहे, कारण तो सोसणाऱ्यांना नकाशा ठरवताना क्वचितच बोलावले जाते. संहितेत स्वयंपाकघराचे किमान क्षेत्रफळ पाच चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५४ चौरस फूट, दिले आहे. एक माणूस एका कुटुंबाचा स्वयंपाक करतो तिथे ते पुरेल. नऊ जणांच्या घरात सकाळी सातला एकीच्या हाताखाली भाकरी चालू असतात, दुसरी तीन डबे भरत असते, आजी भाजी निवडत बसलेली असते आणि कोणीतरी चहा मागत दारात उभे असते. साठ फुटांच्या खोलीत, पावणेदोन फूट रुंद ओट्याच्या पलीकडे उरलेल्या पट्टीत, या चौघांनी कसे वावरावे? तिथे उकळत्या भांड्याचा धक्का लागून होणारे भाजणे, वाफेत आणि फोडणीच्या धुरात उभे राहून होणारा त्रास हे सगळे त्या नकाशाच्या रेषांमध्येच लिहिलेले असते. शिवाय अशा कुटुंबाची खरेदी वर्षाची असते. ज्वारी, गहू आणि तांदूळ पोत्यांनी येतात, डाळी उन्हाळ्यात करून ठेवल्या जातात, मे महिन्यात पापड-कुरडया आणि तिखट-मसाला होतो. ही साठवण कोठीत गेली नाही तर ती पलंगाखाली, जिन्याखाली आणि शेवटी त्या जादा बेडरूममध्येच जाते. अनेक घरांतली तिसरी बेडरूम दोन वर्षांत पोती, गाद्या आणि जुने कपाट यांची खोली झालेली दिसते. ३० फुटांची कोरडी, उंदीर शिरणार नाहीत अशी कोठी आणि तिच्यावर पोटमाळा, म्हणजे छताखाली सामान ठेवायला घातलेली अर्धी फळी, यांनी जे काम होते तेच काम शंभर फुटांच्या बेडरूमकडून करून घेणे हा उधळेपणा आहे. काटकसरीच्या नावाखाली नेमका तोच उधळेपणा चालू आहे.

ओटी, पडवी आणि अंगण यांना वाया गेलेली जागा म्हणणाऱ्यांना आपण कोणत्या हवामानात राहतो याचा विसर पडलेला असतो. चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात नवी मुंबईतील बेलापूर येथे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी वसाहत उभारली. तिथे सुमारे आठ मीटर लांब-रुंद चौकाभोवती सात-सात घरे बसवली, प्रत्येक घराला स्वतःचे छोटे अंगण दिले आणि कुणाही दोन घरांची भिंत सामाईक ठेवली नाही, जेणेकरून प्रत्येकाला पुढे आपल्या सोयीने घर वाढवता यावे. उष्ण प्रदेशात आकाशाखालची मोकळी जागा ही राहण्याचीच जागा आहे आणि ती छपराखालच्या जागेपेक्षा कितीतरी स्वस्त पडते, हा त्यामागचा विचार होता. तो कोकणात जसाच्या तसा लागू पडणार नाही. तिथे जून ते सप्टेंबर अंगण वापरता येत नाही, म्हणून तिथली घरे पुढे ओटी आणि मागे पडवी घेऊन उभी राहिली. पावसात धुणे वाळत घालायचे, ओली छत्री टेकवायची, आल्यागेल्याला पायावर पाणी घेऊन बसवायचे, हे सगळे या दोन आडव्या पट्ट्या करतात, आणि मधले माजघर कोरडे राहते. मराठवाड्यात आणि विदर्भात एप्रिल-मेच्या रात्री माणसे गच्चीवर झोपतात. त्या दोन-तीन महिन्यांत गच्ची हीच घरातली सर्वांत मोठी झोपण्याची जागा असते. गच्चीवर जायला सरळ जिना, वर पाण्याचा एक नळ आणि पुरेसा उंच कठडा यांवर केलेला खर्च जादा बेडरूमच्या खर्चाचा एक लहान अंश असतो. मग बेडरूममध्ये पंखा फिरवत घामाघूम पडून राहण्यासाठी लाखो रुपये का घालावेत?

घर कोणाच्या मापाने आखले गेले याचे परिणाम महाराष्ट्राने एकदा मोठ्या प्रमाणावर पाहिले आहेत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदे कोसळून हजारो माणसे मेली. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा थर दाबून केलेले सपाट छप्पर. ती बांधकामपद्धती पुन्हा नको हे निर्विवाद होते. पण पुनर्वसित गावांत घरे दिली गेली ती २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट अशा ठरावीक आकारांची, आणि कोणाला कोणता आकार हे त्याच्या जमिनीच्या मालकीवरून ठरले. एका छपराखाली किती माणसे आहेत हा प्रश्न मुख्य राहिला नाही. शहरी धाटणीच्या त्या सुट्या घरांत जनावरांना, सरपणाला, धान्याला आणि बायकांच्या दिवसभराच्या कामाला जागा नव्हती. लोकांनी मग पत्र्याची शेड टाकली, आवाराभोवती भिंत घातली आणि हरवलेले अंगण आपल्या पैशांनी परत मिळवले. सक्षम, भूकंपाला टिकणारे बांधकाम आणि माणसांच्या रोजच्या जगण्याला धरून असलेली मांडणी या दोन्ही गोष्टी एकत्र मिळायला हव्या होत्या, आणि त्या मिळू शकल्या असत्या. आज सुखवस्तू होऊ पाहणारे कुटुंब स्वखुशीने बीएचकेचा साचा घेते तेव्हा तीच चूक स्वतःच्या खर्चाने करते.

राहिला एका दमात घर पुरे करण्याचा आग्रह. कुटुंब एका दमात वाढत नाही आणि पैसाही एका दमात येत नाही, मग घरानेच का एका दमात पुरे व्हावे? पुण्यात मोठ्या एकत्र कुटुंबात वाढलेले बाळकृष्ण दोशी यांनी १९८०च्या दशकात इंदूरजवळ अरण्य ही वसाहत आखली, तेव्हा गरीब कुटुंबांना तयार घर न देता जोते, संडास-न्हाणी आणि पाण्याची जोडणी असा गाभा दिला आणि पुढच्या खोल्या कुटुंबाने जमेल तशा बांधाव्यात अशी रचना केली. या वसाहतीला १९९५ साली आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. त्या रचनेमागचा विचार कुठल्याही मर्यादित पैशाच्या घराला लागू आहे. पुढे ज्या बदलता येणार नाहीत त्या गोष्टींवर आधी पैसा घालावा आणि ज्या कधीही करता येतात त्या थांबवाव्यात. पाया बदलता येत नाही, म्हणून दोन मजल्यांचा भार पेलेल असा पाया आणि तसे कॉलम पहिल्या दिवशीच हवेत. पाण्याच्या जागा बदलणे महाग पडते, म्हणून त्या पहिल्याच टप्प्यात पक्क्या व्हाव्यात. जिना ओटीवरून चढणारा असावा, म्हणजे पुढे वरचा मजला एका भावाला स्वतंत्र देता येतो किंवा भाड्याने लावता येतो आणि त्यासाठी कोणाच्या माजघरातून जावे लागत नाही. दुसऱ्या जोडप्याची खोली, तिसरी खोली, फरशीच्या जागी टाइल्स, रंग, दर्शनी भागाची सजावट ही सगळी कामे दोन-चार वर्षांनी केली तरी घराचे काही बिघडत नाही. वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया मात्र उघड्या गंजू देऊ नयेत. त्यांच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा कच्च्या काँक्रीटचे वेष्टण हवे, नाहीतर ज्या बचतीसाठी मजला थांबवला तीच बचत गंजलेल्या कॉलममध्ये जाते.

भाऊ वेगळे होतील, एकत्र कुटुंब टिकणार नाही, म्हणून प्रत्येकाचा स्वतंत्र ब्लॉक आताच बांधून टाकावा असे सांगणारेही आहेत. पण वाटणी सुलभ करणारे घर आणि पहिल्या दिवसापासून वाटलेले घर यांत फरक आहे. समोरासमोर दोन सारखे फ्लॅट बांधले की दोन स्वयंपाकघरे, दोन हॉल, चार-पाच बाथरूम आणि दुप्पट भिंती यांचा खर्च आजच करावा लागतो, आणि आई-वडिलांना कोणत्या बाजूला ठेवायचे हा वाद मात्र सुटत नाही. वर सांगितल्याप्रमाणे बाहेरचा जिना, एका रेषेत चढणारे नळ आणि वर स्वयंपाकघराची तजवीज करून ठेवली की वेगळे होण्याची वेळ आली तर एका उन्हाळ्यात ते काम होते, आणि वेळ आली नाही तर तो खर्च वाचतो. शिवाय कुटुंबे फुटतात तशी ती फुगतातही. बहीण बाळंतपणाला येते, पुतण्या कॉलेजसाठी येऊन राहतो, गौरी-गणपतीला पंधरा पाने बसतात. तीन बंद बेडरूम या वेळी काहीच कामाला येत नाहीत. दीडशे फुटांचे माजघर आणि ओटी येतात.

काटकसर कुठे करावी आणि कुठे करू नये याचा बेडरूम मोजणाऱ्या मताने उलटा पाठ घालून दिला आहे. लॉरी बेकर यांनी केरळात दशकानुदशके घरे बांधून दाखवून दिले की विटा आडव्या ऐवजी उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवणाऱ्या रॅट-ट्रॅप पद्धतीच्या भिंतीत विटा सुमारे २५ टक्के कमी लागतात आणि भिंत थंडही राहते. स्लॅबच्या खालच्या भागात कौले घालून काँक्रीट वाचवता येते हेही त्यांनी दाखवले. असे पर्याय विचारात घेण्याची तसदी न घेता पैसे वाचवायचे म्हणून खडीची प्रत उतरवली जाते, अभियंत्याची फी टाळली जाते, जोत्याची उंची कमी करून पहिल्याच मोठ्या पावसात पाणी घरात घेतले जाते, आणि तोच पैसा समोरच्या भिंतीच्या नक्षीवर आणि काचेच्या कठड्यावर जातो.

नकाशा काढणाऱ्याच्या हाती पहिल्या बैठकीत देण्यासारखी एकच गोष्ट आहे. एका कोऱ्या कागदावर घरातल्या प्रत्येकाचे नाव लिहावे आणि सकाळी सहा, दुपारी एक, संध्याकाळी सात आणि रात्री अकरा या चार वेळी तो कुठे असतो आणि काय करत असतो ते त्यापुढे लिहावे. त्यात कोणाच्या हातात पोळपाट असतो, कोण पुस्तक घेऊन कोपरा शोधतो, कोणाला दिवसा झोप लागते हे सगळे येईल, आणि गर्दी कुठे होते तेही दिसेल. पैसा त्या गर्दीच्या जागी जावा. हा कागद घरातला कर्ता पुरुष एकट्याने भरू शकत नाही, कारण सकाळी सहाच्या रकान्यात काय लिहायचे हे त्या वेळी स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईलाच ठाऊक असते. ओट्याची उंची तिच्या कोपराशी मोजून घ्यावी लागते, मोरी डाव्या हाताला हवी की उजव्या हे तिला विचारावे लागते, कोठीचे दार कुठे उघडावे हे तीच सांगू शकते. तिला न विचारता ठरलेला नकाशा ठेकेदाराने कितीही सुबक काढलेला असो, त्यावर पैसे भरण्याआधी तो परत पाठवावा आणि तिच्या समोर बसून नव्याने काढून घ्यावा.